माझा ‘स’ स्वच्छ आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारणच तसं आहे.

आमच्या कंपनीच्या नव्या लिफ्ट बोलणार आहेत. मजला आला की सांगणार, दार लागताना बजावणार. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, बाहेरून आवाज आणण्यापेक्षा आपल्यातलाच घेऊ. ज्यांना हौस आहे त्यांनी घोषणा मोबाइलवर रेकॉर्ड करून महिनाअखेरीला पाठवा.

मी ताबडतोब हात वर केला. डोक्यावर केस होते तेव्हापासून सर्व्हिस डेस्कवर फोन घेतोय. लिफ्ट बंद पडली की सगळं शहर आधी माझा आवाज ऐकतं. या कंपनीचा आवाज मीच आहे, फक्त अजून लिफ्टमध्ये बसवलेला नाही.

खोलीत हशा पिकला. आनंदाचा. मी म्हणालो, साहेब, मी सांभाळतो. साहेब म्हणाले, थांबताय कशाला, जा की जागेवर. ऐकू कमी येतं त्यांना. वय झालं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, अहो, पण तुमचा स? मी विचारलं, कुठला स? ती म्हणाली, तुमच्या स चा थ होतो ना. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे आज सांगतेय! तिचं म्हणणं, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही रुसून बाहेर निघून गेला होतात. मला आठवत नाही. काही काम असेल बाहेर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. घाईत असलो, सर्दी असली, तर माझा स किंचित मऊ पडतो. इतकंच. मऊ. मऊपणाला दोष म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे.

शाळेत पोरं मला ‘थथा’ म्हणायची. मला ससा म्हणता येत नाही असा त्यांचा समज. आज ती पोरं कुठे आहेत आणि मी कुठे आहे! (ती कुठे आहेत याची चौकशी करून मग लिहावं.)

बायको म्हणाली, माझ्या मैत्रिणीच्या भाच्याला एका बाईंनी बोलायला शिकवलं, शिकलेल्या आहेत, दवाखाना आहे, जाऊन तर या. साफ नकार दिला. जीभ माझी, दात माझे, ओठ माझे. तिथे परक्या बाईंचं काय काम? घरच्या घरी सराव करेन आणि महिनाअखेरीला साहेबांच्या कानाचे पडदे उघडतील.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून सराव.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे उठलो नाही. जीभ हा स्नायू आहे. स्नायूला झोप लागते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घोषणांचा कागद मिळाला. कुणीतरी माझ्यावर डाव धरूनच लिहिलाय. दुसरा, तिसरा, सहावा, सातवा, सोळावा, सतरावा, वर विसावा. शेवटी हे: “साहाय्यासाठी लाल बटण सहा सेकंद दाबून ठेवा.” लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला कोण इतका स ऐकवतं? “मदतीला लाल बटण दाबा” म्हटलं तर काय बिघडतं? साहेबांना तसं सुचवलं. साहेब म्हणाले, तुम्ही भाग घेतलाच पाहिजे असं नाही हं.

म्हणजे आता घेणारच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसखालच्या दुकानात सोडा मागितला. दुकानदार म्हणाला, थोडा काय? मी म्हणालो, सोडा. तो म्हणाला, हो, पण थोडा काय ते सांगा ना. मागे लोक उभे. मी आवाज चढवून परत सांगितलं. तो मागच्यांना म्हणाला, यांना काहीतरी थोडं पाहिजे.

पाणी मागितलं. पाणी लगेच दिलं. बघा! ज्याला ऐकायचं असतं त्याला बरोबर ऐकू येतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवी पद्धत. सराव पक्का होईपर्यंत स असलेला शब्दच वापरायचा नाही. भाषा मोठी आहे, वाटा पुष्कळ आहेत.

सकाळी अंघोळीला गेल्यावर आतून ओरडलो की अंगाला लावायची वडी संपली. बायकोनं दारातून आवळ्याची वडी दिली.

दुपारी सासूबाईंचा फोन. तो शब्द टाळून म्हणालो, बायकोच्या आई, कशा आहात?  त्यांनी विचारलं की तुमचं दोघांचं भांडण झालंय का. नंतर बायकोला अर्धा तास फोनवर समजूत घालावी लागली. ती म्हणाली, आईला तुम्ही थाथूबाई म्हणता तेच आवडतं, तिला वाटतं लाडानं म्हणता.

पद्धत बंद. भाषा मोठी आहे हे खरं, पण लोकांची मनं लहान आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

खरी पद्धत सापडली. दात जुळवायचे, जीभ आत ओढायची आणि मधून हवा सोडायची. स्स्स्स. शब्द नको, नुसता आवाज. न्हाणीघरात फारच छान घुमतो. सकाळी आणि ऑफिसातून आल्यावर, दोन्ही वेळा केलं. बायको म्हणाली, ऐकायला कुकरसारखं वाटतं. प्रगती आहे. सकाळी फुटक्या कुकरसारखं वाटतं म्हणाली होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खालच्या मजल्यावरचे काका वर आले. म्हणाले, तुमच्या न्हाणीघरात पाइप गळतोय, दोन दिवस भिंतीतून सूं सूं येतंय, आमची ही झोपत नाही. मी म्हणालो, आमच्याकडे काही गळत नाही. नाक वर करून म्हणालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी प्लंबर आणला. प्लंबरनं आमच्या भिंतीला कान लावला. मी बाजूला गप्प उभा. काहीच ऐकू येईना. त्यानं नळ सोडले, बंद केले, फरशीवर वाकून बघितलं. मग तो खाली काकांकडे गेला, तेव्हा राहिलेला सराव उरकून घेतला. तो धावत वर आला. मी थांबलो. तो खाली गेला. मी सुरू केलं. असं बराच वेळ.

शेवटी त्यानं विचारलं, साहेब, आवाज तुमचा आहे का? माझी कन्या दारात उभी होती. दहावीत आहे. तिनं सांगून टाकलं, बाबा स शिकतायत. प्लंबर गंभीर झाला. म्हणाला, मग हरकत नाही, पण पाइपापेक्षा जोर जास्त आहे.

तज्ज्ञाचं मत आहे. लिहून ठेवतोय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कन्या गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पडद्यामागे उभा होतो इतकंच. मैत्रीण काहीतरी नक्कल करून दाखवत असावी, कारण आधी ही हसली. मग एकदम म्हणाली, बस झालं, मी हसले तर चालतं, तू हसायचं नाहीस, माझे बाबा आहेत ते. आणि फोन ठेवला.

माझ्यावरून कशाला हसतील? शाळेत मीटिंगला गेलो होतो तेव्हा जरा जास्त वेळ बोललो, ते असेल. मुलं विषय सोडत नाहीत.

मीटिंगला यापुढे बायकोनं जावं. मला वेळही नसतो.

सराव दुप्पट करणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बायको स्वतःहून म्हणाली, एकट्यानं भिंतीशी बोलू नका, मी बसते समोर. आता जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. ती कागद धरते. एक ओळ ती म्हणते, तीच ओळ मी म्हणतो. नंतर चुका बघाव्यात म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करतो. चुका तिच्याही निघतील.

ती म्हणाली, सहावा मजला. मी म्हणालो. ती म्हणाली, परत. मी म्हणालो. ती म्हणाली, परत. असं बराच वेळ चाललं. मी विचारलं, तुला नेमकं काय ऐकू येतंय? ती म्हणाली, थहावा. मी म्हटलं, तुझ्याही कानांचं बघायला हवं. ती उठून गेली. थोड्या वेळानं भांडी विसळून परत आली आणि पुन्हा कागद हातात घेतला. जिद्दी बाई आहे. माझ्या संगतीचा परिणाम.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जमलं!! जमलं!!

दात घट्ट आवळून, ओठ कानांपर्यंत ताणून, मान किंचित डावीकडे. सहावा! बायकोनं कागद खाली ठेवला. कन्या आतून धावत आली. परत म्हटलं. सातवा! सोळावा! सतरावा! मग आधी बायको, मागून मी, असे विसाव्या मजल्यापर्यंत गेलो. कन्येनं टाळ्या वाजवल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी. कांदा चिरत होती म्हणाली, पण कांदा कुठे दिसला नाही.

आजचा दिवस थथा म्हणणाऱ्या सगळ्या पोरांना अर्पण.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून ऑफिसातही नवा स. दात आवळूनच फोन घेतले.

एका इमारतीत आजी अडकल्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत एकट्या, दिवा गेलेला. मी नव्या उच्चारात म्हणालो, सावध राहा, सगळं सुरळीत होईल, सहकारी निघालेत. आजी रडायलाच लागल्या. म्हणाल्या, कोण बोलतंय, दात ओठ खाऊन का बोलताय माझ्याशी, मी काय केलं? मी परत सांगितलं. त्या म्हणाल्या, नेहमीच्या माणसाला द्या हो फोन, ते थ वाले असतात ना, मागच्या वेळी होते ते, त्यांना द्या.

काय करणार? मिस्त्री वाटेत होता आणि बाईंचा श्वास लागलेला ऐकू येत होता. जबडा सोडला. म्हणालो, आजी, मीच तो, घाबरू नका, खाली बसून घ्या. त्या म्हणाल्या, आलात का, बरं झालं. मग मिस्त्री पोचेपर्यंत बोलत बसलो. त्यांचा जावई, त्यांचे गुडघे, कुंड्यांना पाणी घालायला कोणी नाही, सगळं सांगून झालं. बाहेर काढल्यावर मिस्त्रीच्या फोनवरून परत बोलल्या. म्हणाल्या, मगाशी तो रागीट माणूस कोण होता, त्याला ठेवू नका कामावर.

लाइनमध्ये खरखर असणार. नव्या उच्चाराला जुनी लाइन झेपत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जबडा दुखतोय. विजयाचं दुखणं आहे.

एक बारीकशी गोष्ट. सकाळी चहा घेताना म्हणालो, थोडा चहा दे अजून. बायकोनं माझ्यापुढचा भरलेला कप उचलून नेला. विचारलं तर म्हणाली, सोडा चहा म्हणालात, बरं वाटलं मला, किती दिवस सांगतेय कमी करा.

संध्याकाळी टेबलाशी पुन्हा तेच. चौथा मजला म्हणालो, कन्या म्हणे बाबा, चौसा आंब्याचा मजला आहे का हा? आजवर माझ्या थ ला कोणी बोट लावलं नव्हतं. तिथे मी निर्दोष होतो. आता थ नीट म्हणायला गेलो की स बिघडतो, स धरला की थ पळतो. एकाच तोंडात दोघांना राहायला काय धाड भरली आहे?

२४ फेब्रुवारी, सोमवार

अकाउंट्समधला खर्जही भाग घेतोय असं कळलं. खर्ज म्हणजे आम्ही त्याला ठेवलेलं नाव. त्याचा आवाज पोटातून येतो. तो नुसता “हो” म्हणाला तरी टेबलावरचे पेन हलतात. आज जिन्यात भेटला. म्हणाला, तुम्ही अजून आहात का रिंगणात? त्या “अजून” मध्ये काय काय होतं ते लिहीत नाही.

मी म्हणालो, शेवटपर्यंत आहे. तो म्हणाला, ऑल द बेस्ट, मनापासून. मनापासून म्हणे. असं म्हणून माणसाला ढिला करायचं, ही त्याची चाल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रेकॉर्डिंग पाठवलं!

मोबाइलमधली सगळी ऐकली. १९ तारखेचं सर्वांत दमदार आहे. त्यात आधी बायकोची ओळ, मग माझी, असं शेवटपर्यंत. कन्या म्हणाली, बाबा, द्या इकडे, आईचा आवाज कापून देते, दोन मिनिटांचं काम आहे. मी थांबवलं. असू दे म्हटलं. तिचा आवाज हा साधा, घरगुती, बिनसरावाचा आवाज. त्याच्या शेजारी माझा तयार केलेला आवाज. साहेबांना फरक आपोआप कळेल.

 कन्या माझ्याकडे बघत राहिली. दूरदृष्टी समोरासमोर पाहायला मिळाली की मुलं गप्प होतात.

३ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आत गेलो तर हसून उभे राहिले. खुर्ची दिली. म्हणाले, वा! हाच आवाज हवा होता, स्पष्ट, शांत, माणसाला धीर वाटेल असा. मी मान खाली घातली. अशा वेळी नम्र असावं.

मग त्यांनी विचारलं, या बाई कोण आहेत?

मी विचारलं, कुठल्या बाई? ते म्हणाले, अहो, रेकॉर्डिंगमधल्या, प्रत्येक ओळ आधी म्हणतात त्या. मी म्हणालो, आमच्या घरातल्या. साहेब म्हणाले, तुम्ही त्यांच्यामागून का म्हणत होतात ते समजलं नाही, पण ते काढून टाकता येईल.

खर्जही नाही, मीही नाही. खर्जाच्या आवाजानं घाबरायला होतं म्हणाले. हे मात्र साहेबांचं बरोबर आहे.

जागेवर आलो. फोन वाजत होता. उचलला. कुणाचं तरी दार लागत नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

काल घरी काही बोललो नाही. जबडा दुखतोय असं सांगून लवकर झोपलो. आज सकाळी सांगितलं. म्हणालो, साहेबांनी आपल्या घराची निवड केली. बायकोचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. ती म्हणाली, म्हणजे तुमची! मी म्हणालो, म्हणजे आपली. कन्येला आधी कळलं. ती दप्तर भरता भरता थांबली आणि म्हणाली, आई, तुझी.

बायको खुर्चीत बसली. म्हणाली, मी नाही जाणार. हौस तुमची होती, जबडा तुमचा दुखतोय, मी नुसती कागद धरून बसले होते. त्यांना नाही म्हणून सांगा.

असा राग आला! म्हणालो, नाही कसं म्हणतेस? या घरातून कोणी माघार घेतलेली नाही. साहेबांनी तुला निवडलंय, मेहेरबानी केलेली नाही. लोकांना तुझा आवाज ऐकू दे. जायचं म्हणजे जायचं. ती म्हणाली, आणि तुम्हाला? मी म्हणालो, मला काय, मी शिकवणी घेतली आहे, माझं काम झालं.

बोलताना जबडा आवळायचं राहून गेलं. सगळं जुन्या पद्धतीनं बोललो. तिला सगळं कळलं, एकदाही परत म्हणा म्हणाली नाही.

८ मार्च, शनिवार

बायकोला घेऊन स्टुडिओत. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. मी म्हटलं, आवाजाला साडी दिसत नाही. ती म्हणाली, मला दिसते ना.

वाटेत तिला सूचना दिल्या. श्वास, मान, ओठ. पोचल्यावर रेकॉर्डिंगवाल्यालाही दोन गोष्टी समजावल्या. त्यानं मला काचेच्या बाहेर बसवलं. काचेतून आवाज येत नाही. नुसते ओठ हलताना दिसतात. पण तो कागद मला पाठ. कुठला मजला चाललाय ते ओठांवरून कळत होतं. पहिल्या फेरीत ती घाबरली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काचेला नाक लावून सगळ्या ओळी तिच्याबरोबर म्हटल्या. आत कोणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून अगदी मोकळेपणानं.

दुसऱ्या फेरीत सगळं एका झटक्यात झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मॅडम, आधी कुठे काम केलंय? ती म्हणाली, स्वयंपाकघरात.

१० मार्च, सोमवार

सराव चालूच ठेवणार. लिफ्टसाठी नाही, स्वतःसाठी. निर्णय पक्का.

१५ मार्च, शनिवार

आजपासून नक्की.

२४ मार्च, सोमवार

ऑफिसच्या इमारतीत नवी लिफ्ट चालू झाली. सकाळी गर्दी होती. मी कोपऱ्यात उभा. दार लागलं आणि ही वरून बोलली. अगदी डोक्यावरून. अंगावर काटा आला. एसी जास्त होता.

शेजारी एक गृहस्थ होते, वरच्या मजल्यावर कुठेतरी काम करणारे. म्हणाले, आवाज काय छान आहे हो! मी म्हणालो, माझी मिसेस आहे. ते म्हणाले, काय? मी परत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, हो, मशिनच आहे, पण माणसासारखी वाटते.

ते पाचव्याला उतरले. बाकीचेही उतरले. मी सातव्यापर्यंत गेलो. आमचं ऑफिस तिसऱ्यावर आहे. चुकून गेलो. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं.

दुपारीही तसंच झालं. संध्याकाळीही. तक्रार नोंदवायला हवी, पण सर्व्हिस डेस्कवर मीच असतो. बघतो सवडीनं.